एसिट्रॉम, मेथीची भाजी आणि हलणारा आयएनआर

सांगली जिल्ह्यातल्या एका मुलाने प्रश्न विचारला आहे. वडील ५८ वर्षांचे, घरची शेती बघतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची मायट्रल झडप बदलून कृत्रिम झडप बसवली, घरात सगळे तिला ‘मेटलची झडप’ म्हणतात. तेव्हापासून रात्री एसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवण्याची गोळी सुरू आहे. रोज २ मिलिग्रॅमवर आठ महिने आयएनआर (रक्त गोठायला नेहमीच्या किती पट वेळ लागतो, ते सांगणारा रक्ततपासणीचा आकडा) २.६ ते ३.२ च्या मध्ये छान राहिला. जुलैत अचानक ४.९ आला. डॉक्टरांनी दोन दिवस गोळी थांबवून एक दिवस १ आणि एक दिवस २ मिलिग्रॅम असं करायला सांगितलं. ऑगस्टच्या शेवटी आयएनआर १.७. मग एक दिवस २ आणि एक दिवस ३ मिलिग्रॅम झाली, आणि त्याच सुमारास कुणीतरी सांगितल्यावरून घरातली पालेभाजी पूर्ण बंद केली. परवा आयएनआर ५.४ आला, दोन दिवस गोळी बंद ठेवायला सांगितली आहे. मुलाचे प्रश्न चार: गोळ्या बनावट आहेत का? डॉक्टर बदलावा का? पालेभाजी बंद केली तरी असं का होतंय? आणि तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या निघाल्यात म्हणतात, त्या देता येतील का?

प्रश्नाच्या अगदी शेवटी, जाता जाता, त्याने दोन ओळी लिहिल्या आहेत: जुलैत वडिलांना चार-पाच दिवस ताप आणि जुलाब झाले होते, गावातल्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या होत्या. नंतर अशक्तपणा जाईना म्हणून महिनाभर शक्तीची पावडर दिली, आता ती संपली.

मला उत्तर त्या दोन ओळींत दिसतं. मी फिजिशियन आहे आणि झडप बदललेले, रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणारे पेशंट गेली बावीस वर्षं बघतोय. वडिलांना न तपासता मी डोस सांगणार नाही, सांगूही नये. पण हा आकडा का हलतो, हे तुम्हाला नीट कळलं तर तुमच्या डॉक्टरांना खूप मदत होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

त्याआधी आजचं. ५.४ हा आकडा जास्त आहे. लघवी लाल होणं, संडास डांबरासारखी काळी होणं, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त दहा-पंधरा मिनिटं दाबून धरूनही न थांबणं, एकाएकी भयंकर डोकेदुखी, किंवा डोक्याला मार (बाहेर जखम नसली तरी): यातलं काहीही झालं तर रात्र असो, सकाळ असो, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. यातलं काही नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरतीच गोळी थांबवा आणि सांगितलेल्या दिवशी रक्त तपासा. भीतीने स्वतःहून आणखी चार दिवस बंद ठेवू नका. गोळी बंद पडलेल्या माणसाच्या झडपेवर गुठळी धरलेली मी पाहिली आहे, तो प्रसंग कोणत्याही घरावर येऊ नये.

आता खरा प्रश्न. तुम्ही विचारताय, गोळी घेऊनही आकडा का हलतो. मी तो थोडा वेगळा मांडतो: आठ महिने जो डोस बरोबर बसला होता, तो जुलैनंतर का बसेना? वडिलांचं शरीर बदललं, की त्या गोळीच्या आजूबाजूचं काही बदललं?

गोळी तोंडातून आत गेल्यावर काय होतं ते पाहू. एसिट्रॉम म्हणजे अ‍ॅसेनोकूमॅरॉल. पोटातून-आतड्यातून रक्तात जायला त्याला फार अडचण नसते, एक ते तीन तासांत रक्तातलं प्रमाण सर्वांत वर पोचतं. रक्तात गेल्यावर त्याचा जवळजवळ सगळा भाग, शंभरातले अठ्ठ्याण्णवहून जास्त कण, अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून फिरतो. चिकटलेलं औषध काम करत नाही. काम करतो तो उरलेला मोकळा, एक-दोन टक्क्यांचा भाग. हे औषध यकृतात मोडलं जातं, आणि मोडण्याचं मुख्य काम करतं सीवायपी-२सी-९ नावाचं विकर (एन्झाइम). म्हणजे रोज रात्री नळाने टाकीत पाणी सोडावं आणि खालच्या तोटीने ते सारखं बाहेर जात राहावं, तसं. तुम्ही फक्त वरचा नळ बघताय. खालची तोटी किती उघडी आहे, हे यकृतातलं विकर ठरवतं, आणि ती तोटी इतर औषधांनी चोंदते किंवा जास्त उघडते.

पण ही झाली औषधाची अर्धी गोष्ट, शरीर औषधाचं काय करतं ती. दुसरी अर्धी, औषध शरीराचं काय करतं ती, इथे जास्त महत्त्वाची आहे.

एसिट्रॉम रक्त ‘पातळ’ करत नाही, शब्द रूढ आहे म्हणून आपण वापरतो. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यांना शेवटचा हात फिरवायला के जीवनसत्त्व लागतं. एकदा वापरलेलं के जीवनसत्त्व यकृत पुन्हा ताजं करून वापरतं. एसिट्रॉम हे ताजं करणं रोखतं. मग यकृत जे घटक बनवतं ते अर्धवट निघतात, त्यांना गुठळी करता येत नाही. साहजिकच आहारातून ताजं के जीवनसत्त्व जास्त आलं तर औषधाची पकड ढिली पडते, आणि कमी आलं तर तीच गोळी जास्त जोराने लागू पडते.

शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट पटकन कळते, कारण हे औषध सापडलंच मुळी गुरांच्या चाऱ्यातून. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या थंड भागात गाई-बैल विचित्र पद्धतीने मरू लागले. शिंगं कापली, खच्ची केलं की रक्त थांबायचंच नाही. ओलसर जागी बुरशी आलेलं स्वीट क्लोव्हर नावाचं गवत त्यांनी खाल्लेलं असायचं. १९३३ च्या हिवाळ्यात एक शेतकरी न गोठलेल्या रक्ताचा डबा घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. तिथे पुढे १९३९ मध्ये त्या गवतातला दोषी पदार्थ शुद्ध रूपात हाती लागला. त्याच कुळातलं वॉर्फरिन १९४८ मध्ये आधी उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांसाठी औषध म्हणून वापरात आलं. एसिट्रॉम त्याचं सख्खं भावंड. त्या आजारी गुरांना वाचवायचा उपाय होता ताजं रक्त देणं आणि चारा बदलणं. तुमच्या वडिलांच्या ताटातली मेथी आणि त्या गाईचा बदललेला चारा, दोन्हींचं नातं एकाच गोळीशी आहे.

आता वेळेचा हिशोब, जो पेशंटच्या घरी जवळजवळ कुणीच सांगत नाही. गोळीमुळे नवे घटक अर्धवट बनतात, पण रक्तात आधीपासून असलेले चांगले घटक संपेपर्यंत परिणाम दिसत नाही. सातव्या क्रमांकाचा घटक सहा तासांत निम्मा होतो. दुसऱ्या क्रमांकाचा, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन, निम्मा व्हायला अडीच दिवस लागतात. म्हणून आज डोस बदलला तर आयएनआर लगेच हलायला लागतो, पण पुरता बसायला पाच-सात दिवस जातात. दारं धरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पाटाचं दार उघडलं तरी शेवटच्या सरीत पाणी पोचायला वेळ लागतो. तिथे कोरडं दिसलं म्हणून घाईने आणखी एक दार फोडलं, तर थोड्या वेळाने त्या सरीत पाणी तुंबतं. आयएनआर ही शेवटची सरी आहे. आज दिसणारा आकडा गेल्या तीन-चार दिवसांत घडलेल्या गोष्टींचा असतो.

हे मनात ठेवून तुमच्या वडिलांचे जुलैपासूनचे महिने पुन्हा वाचा.

जुलै. चार-पाच दिवस ताप आणि जुलाब. तापात रक्त गोठवणारे घटक लवकर झिजतात. जुलाबांत माणूस जेवत नाही, जे जेवतो ते अंगी लागत नाही, के जीवनसत्त्व घटतं. वर गावातल्या दवाखान्यातल्या गोळ्या. आपल्याकडे जुलाबांवर सर्रास मेट्रोनिडाझोल किंवा त्याच घराण्यातलं ऑर्निडाझोल दिलं जातं. मेट्रोनिडाझोल यकृतातलं ते मोडणारं विकर दाबून धरतं, म्हणजे खालची तोटी चोंदते आणि तीच २ मिलिग्रॅमची गोळी जास्त वेळ रक्तात रेंगाळते. गोळ्यांची नावं तुम्ही लिहिलेली नाहीत, म्हणून मी खात्रीने सांगू शकत नाही. घरात रिकामी पट्टी असेल तर शोधा आणि डॉक्टरांना दाखवा. पण ताप, उपासमार आणि हे औषध अशा तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढत असतील, तर ४.९ आला यात आश्चर्य नाही. आणि त्या गोळ्या संपून आठ-दहा दिवसांत तो बहुधा आपोआप उतरला असता.

ऑगस्ट. डोस आठवड्याला १४ मिलिग्रॅमवरून साडेदहावर आला. जुलाब थांबले, दुसरी औषधं संपली, आणि शक्तीची पावडर सुरू झाली. त्या डब्यावरची जीवनसत्त्वांची यादी वाचा. मोठ्या माणसांसाठीच्या अशा बऱ्याच पावडरींत के जीवनसत्त्व घातलेलं असतं. डोस कमी आणि के जीवनसत्त्व जास्त, म्हणून १.७.

सप्टेंबर. मायट्रल झडप असलेल्या माणसाचा १.७ पाहून डॉक्टर घाबरणारच, मीही घाबरलो असतो. त्या झडपेला आयएनआर साधारण २.५ ते ३.५ मध्ये लागतो. १.७ म्हणजे गुठळीची भीती. डोस साडेदहावरून साडेसतरावर गेला. त्याच वेळी पावडर संपली आणि पालेभाजी बंद झाली. पुन्हा तिन्ही गोष्टी एकाच बाजूला, आणि ५.४.

म्हणून तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं माझं उत्तर. गोळ्या बनावट असत्या तर आयएनआर खाली जाऊन खालीच राहिला असता, असा वर उडाला नसता. आणि डॉक्टर बदलू नका. ते समोरचा आकडा बघून निर्णय घेत होते, जुलाबाच्या गोळ्यांची आणि पावडरीची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. नवीन डॉक्टरांकडे गेलात तर वडिलांची दोन वर्षांची माहिती मागे राहील. आहे त्यांच्याकडेच जा आणि ही जुलैपासूनची हकीकत तारखांसकट सांगा. त्यांना हेही विचारा: ‘आठ महिने ज्या १४ मिलिग्रॅमवर बसले होते, त्यावरच परत जायचं का?’ निर्णय त्यांचा. पण माझ्या अनुभवात, तात्पुरत्या कारणाने बिघडलेला आकडा जुन्या डोसवर परत बसण्याची शक्यता चांगली असते. एरवी, काही कारण नसताना आकडा थोडा इकडे-तिकडे गेला, तर आठवड्याच्या एकूण बेरजेत पाच ते वीस टक्क्यांचाच बदल करायचा असतो, त्याहून मोठी उडी सहसा नको.

आता पालेभाजी. याबद्दल मला मनापासून कळकळ आहे, कारण झडपेच्या पेशंटच्या घरोघरी ‘हिरवं काही खायचं नाही’ ही समजूत पक्की बसली आहे आणि तिने फायद्यापेक्षा तोटाच जास्त केला आहे. शिजलेल्या पालकाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५०० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असतं. माणसाची दिवसाची गरज ९० ते १२० मायक्रोग्रॅमच्या घरात. पालक, मेथी, कोथिंबीर, कोबी, कांद्याची पात यांत ते भरपूर, तर बटाटा, कांदा, दुधी, सोललेली काकडी यांत अगदी कमी. हे ऐकून माणसाला वाटतं, मग हिरवं सोडलेलं बरं. पण हिरवं पूर्ण सोडलं की शरीरातला के जीवनसत्त्वाचा साठा तळाला जातो. साठा तळाला असलेल्या माणसाने लग्नात एकदा पालक पनीर खाल्लं किंवा दोन दिवस जेवणच केलं नाही, तर आकडा जोरात हलतो. विहिरीला पाणी असेल तर चार बादल्या काढल्या-घातल्याने फरक दिसत नाही, पण तळ गाठलेल्या विहिरीत एका बादलीनेही पातळी बदलते. ज्यांचा आयएनआर सारखा अस्थिर असतो, त्यांच्या आहारात के जीवनसत्त्व स्थिर असलेल्यांपेक्षा कमीच असतं, असं पाहणीत आढळलेलं आहे.

माझ्याकडे एक मावशी येत, सातारा भागातल्या, अशीच झडप बसवलेल्या. पहिली दोन वर्षं त्यांचा आयएनआर मला कळतच नव्हता. पावसाळ्यात वर, थंडीत खाली, डोस मी बदलत राहायचो. एकदा त्यांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडरच काढून आणलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात सुनेने पेन्सिलने त्या रात्रीची गोळी लिहिलेली होती: दोन, दोन, दीड, दोन. मी पानं उलटत होतो आणि मावशी बोलत होत्या. आषाढी एकादशीपासून त्यांचा चातुर्मास, पहिला महिना पालेभाजी वर्ज्य. सोमवार, शनिवार, एकादशी असे उपास, त्या दिवशी वरई नाही तर साबुदाणा. मग मार्गशीर्षात शेतात हरभऱ्याची कोवळी भाजी, मेथी, कांद्याची पात, शेपू, रोज ताटात हिरवं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी त्यांचे आयएनआर महिनावार लिहिले. श्रावणात ४ च्या पुढे, पौषात २ च्या खाली, दोन्ही वर्षं. गोळीचा दोष नव्हता आणि त्यांचाही नव्हता. मी व्रत मोडायला सांगितलं नाही. आषाढीच्या आठ दिवस आधी फोन करा आणि त्या महिन्यात दर आठवड्याला तपासा, एवढं ठरवलं. श्रावणात डोस किंचित कमी, मेथीच्या दिवसांत किंचित जास्त. त्यानंतर मला त्यांची काळजी करावी लागली नाही. ते कॅलेंडर पाहीपर्यंत मी एकदाही ‘तुम्ही उपास करता का’ असं विचारलं नव्हतं. आता प्रत्येक पेशंटला विचारतो.

तर वडिलांच्या ताटात मेथी, पालक परत येऊ द्या, पण ठरावीक. आठवड्यातून दोन-तीन दिवस एक वाटी, आणि ते वर्षभर तसंच. मात्र डॉक्टरांना सांगून सुरू करा. भाजी परत आली की आयएनआर खाली येणार, तेव्हा डोस आणि भाजी दोन्ही एकाच दिवशी हलायला नकोत. भाजीवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीने काही होत नाही, कोथिंबीर वडीची ताटली मात्र भाजीत मोजा. तेल बदलत असाल तर तेही सांगा: सोयाबीन तेलात बऱ्यापैकी के जीवनसत्त्व असतं, शेंगदाणा तेलात जवळजवळ नसतं.

दुसऱ्या औषधांबद्दल थोडं सावकाश लिहितो, कारण खरा धोका तिथे आहे. मोडणारी तोटी चोंदवणारी म्हणजे आयएनआर वर नेणारी: मेट्रोनिडाझोल, बुरशीसाठीचं फ्लुकोनाझोल, जंतुसंसर्गासाठीचं को-ट्रायमॉक्साझोल, आणि हृदयाचे ठोके नीट करण्यासाठीचं अ‍ॅमिओडॅरोन. अ‍ॅमिओडॅरोन सुरू केल्यावर परिणाम आठवड्या-आठवड्याने वाढत जातो आणि बंद केल्यावरही महिनोन्‌महिने रेंगाळतो. पॅरासिटॅमॉल एखाद-दुसरी गोळी घ्यायला हरकत नाही, पण रोज चार-चार गोळ्या आठवडाभर घेतल्या तर आयएनआर चढतो. उलट दिशेला सगळ्यात जोरदार म्हणजे टीबीचं रिफॅम्पिसिन. ते यकृताला मोडणारी विकरं जास्त बनवायला लावतं, तोटी सताड उघडते, आणि एसिट्रॉमचा डोस दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही जास्त करावा लागतो. टीबीचा कोर्स संपला की ती जादा विकरं दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. तेव्हा वाढवलेला डोस तसाच राहिला तर रक्तस्राव होतो. टीबी बरा झाला म्हणून घरात आनंद असतो आणि नेमक्या त्याच आठवड्यांत सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं. फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिनही याच तऱ्हेची.

एक प्रकार असा की आयएनआर हलत नाही पण धोका वाढतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक या अंगदुखीच्या गोळ्या जठराच्या आतल्या अस्तराला इजा करतात आणि रक्त थांबवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट नावाच्या कणांनाही कमकुवत करतात. आकडा ३ असताना पोटात रक्तस्राव झालेला माणूस मी याच गोळ्यांमुळे पाहिला आहे. पेरणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी वडिलांनी घ्यायची नाही. शेक द्या, डॉक्टरांना विचारून पॅरासिटॅमॉल घ्या.

आणि सुई. आपल्याकडे ‘कमरेत एक इंजेक्शन मारा, लवकर बरं वाटेल’ ही सवय घट्ट आहे. एसिट्रॉमवर असलेल्या माणसाला स्नायूत इंजेक्शन दिलं तर आत रक्त साकळून मांडी-कंबर काळीनिळी फुगते. गावातल्या दवाखान्यात गेल्यावर वडिलांनी पहिलं वाक्य हेच बोलायचं: ‘माझी झडप बदललीय, मी एसिट्रॉम घेतो.’ खिशात तसं कार्डही असावं. दात काढायचा असला, मोतीबिंदू करायचा असला, तरी स्वतःहून किंवा शेजाऱ्याने सांगितलं म्हणून गोळी थांबवायची नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. काढे, आसवं, लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल याबद्दलही तेच: बंदी नाही म्हणत, लपवू नका म्हणतो. ताटातली हळद आणि लसूण नेहमीसारखी असू द्या.

रक्त तपासणीत एक छोटी गोष्ट असते. आयएनआरचं रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घेतात. तिच्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट आधीच असतं, आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण पाळावं लागतं. नळी अर्धीच भरली तर आकडा खोटाच जास्त येतो. रक्त घेताना नळीवरच्या खुणेपर्यंत भरली का, तेवढं तुम्ही बघू शकता. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत जा. एकाएकी विचित्र आकडा आला आणि कारण काहीच सापडेना, तर डोस बदलण्याआधी पुन्हा तपासून घ्यायला डॉक्टरांना सुचवा. गोळी रात्री घ्यायची याचं कारणही तपासणीच आहे: सकाळी रक्त दिलं, दुपारी आकडा आला, तर त्याच रात्रीपासून बदल करता येतो. एखाद्या रात्री विसरली आणि झोपायच्या आत आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत, फक्त लिहून ठेवा.

तुमच्या घरात कुणाला वडिलांच्या निम्म्या डोसवर तोच आयएनआर मिळेल, तर कुणाला तिप्पट लागेल. सगळ्यांनाच त्यात काळजी वाटते, पण ते जन्मजात आहे. औषध मोडणारं विकर आणि औषध ज्याला रोखतं ते विकर, दोन्हींच्या जनुकांत माणसामाणसांत फरक असतो. त्यामुळे कमीत कमी आणि जास्तीत जास्त डोस घेणाऱ्यांत दहापटींहून अधिक अंतर पडतं. शेजारच्या काकांना १ मिलिग्रॅम पुरतं आणि वडिलांना २ लागतात, याचा अर्थ वडिलांचा आजार जास्त आहे असा नाही.

नव्या गोळ्यांचं. डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, हे खरं. ठोके अनियमित असलेल्या अनेकांना त्या उत्तम चालतात, मी स्वतः देतो. पण यांत्रिक झडपेसाठी (वडिलांची ‘मेटलची’ झडप हीच) नाही. अशा झडपेच्या पेशंटमध्ये डॅबिगॅट्रानची वॉर्फरिनशी तुलना करणारा अभ्यास २०१२ मध्ये अर्ध्यातच थांबवावा लागला, कारण डॅबिगॅट्रान घेणाऱ्यांत गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. अ‍ॅपिक्साबॅनचा असाच अभ्यास २०२२ मध्ये थांबला, तिथेही गुठळ्या जास्त. कुणी दुकानदाराने किंवा नातेवाइकाने ‘ही घ्या, तपासणीची कटकट नाही’ म्हटलं तर ठाम नाही म्हणा. या झडपेला आज तरी एसिट्रॉम किंवा वॉर्फरिनच. (प्रश्न वडिलांचा आहे, तरी वाचणाऱ्यांत झडप असलेली तरुण मुलगी असू शकते म्हणून लिहितो: या दोन्ही गोळ्या गर्भाला अपाय करू शकतात. बाळाचा विचार करण्याआधीच डॉक्टरांशी बोला, पाळी चुकल्यावर नाही.)

शेवटी, घरात करायचं काम. रात्री सगळं शांत झाल्यावर वडिलांच्या जवळ बसलात तर झडपेची टिक-टिक ऐकू येते. वडिलांना ती रोज ऐकू येत असणार. तो आवाज दबला किंवा बंद झाल्यासारखा वाटला, चालताना नवा दम लागू लागला, तोंड वाकडं झालं, हात-पाय जड पडला किंवा बोलणं अडखळलं, तर झडपेत किंवा मेंदूत गुठळी असू शकते. थांबायचं नाही, त्याच क्षणी निघायचं.

आणि एक वही करा किंवा भिंतीवरचं कॅलेंडर वापरा. रोजच्या चौकोनात रात्री घेतलेली गोळी, आयएनआरची तारीख आणि आकडा, आणि नेहमीपेक्षा वेगळं जे झालं ते: ताप, जुलाब, उपास, नवी गोळी, पावडर सुरू, पावडर बंद, लग्नाचं जेवण. जुलैपासूनचं आठवेल तेवढं आजच बसून लिहून काढा, जुलाबाच्या गोळ्यांची पट्टी आणि पावडरीचा रिकामा डबा सोबत ठेवा, आणि येत्या तपासणीला हे सगळं डॉक्टरांच्या टेबलावर मांडा. भाजी कधीपासून सुरू करायची, हे तिथेच ठरवून या.